एक स्टेशन भुर्र

आमच्या घरात सकाळी नऊला चार्ज बदलतो. मुलगा आणि सून हिंजवडीच्या रस्त्याला लागतात, सौ. देवपूजेला बसते आणि बावीस महिन्यांची ठमी माझ्या ताब्यात येते. कागदोपत्री तिचं नाव भारदस्त आहे, दोन जोडाक्षरांचं. ते तिला स्वतःला म्हणता येत नाही, म्हणून मी ठमी म्हणतो. सुनेला ते पसंत नाही. ‘बाबा, उद्या शाळेतसुद्धा ठमीच म्हणतील हं तिला,’ असं ती दर आठवड्याला बजावते. ठमीला चालतं. हाक मारली की ‘ओ’ देते.

साडेनऊला ठमी चपलांच्या कपाटापुढे बसकण मारते, एक बूट हातात घेते आणि म्हणते, ‘आबा, भुल्ल.’

भुर्र जायचं म्हणजे कुठे, हा प्रश्न तिला पडत नाही. तो मलाच पडायचा. सुरुवातीला मी तिला लांब नेत असे. एका रविवारी सहकुटुंब पुण्यात पेशवे पार्कला गेलो. तिथली फुलराणी ही छोटी आगगाडी १९५६ सालची. माझा मुलगा लहानपणी तिच्यात बसलेला, तेव्हा आता नातीचा नंबर, अशी माझी हौस. रांगेत उभं राहता राहता ठमीची झोपेची वेळ झाली आणि नंबर लागला तेव्हा ती माझ्या खांद्यावर गाढ झोपली होती. आख्खी फेरी तिनं झोपेत केली. फोटोत मी एकटाच हसतोय. मॉलचा प्रयोगही करून झाला. लख्ख दिवे, गार हवा, चहूकडून गाणी. घरी आल्यावर पोर रात्री अकरापर्यंत भिंतीवरून धावायची बाकी होती. दोन वर्षांच्या आतल्या पोराला मॉलमध्ये हिंडवणाऱ्यांचं मला नवल वाटतं. पोराला नसेल समजत, पण मोठ्यांना?

मग मला सुचलं ते माझ्याच धंद्यातलं. मी रेल्वेत चौतीस वर्षं गार्ड होतो. २०२२ पासून त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण मी गार्ड म्हणूनच निवृत्त झालो आणि गार्डच राहणार. राहायला चिंचवडला, स्टेशनापासून चालत दहा मिनिटांवर. ठमीबरोबर पस्तीस. पुणे–लोणावळा लोकल १९७८ पासून दारावरून जाते. चिंचवडच्या पुढचं स्टेशन आकुर्डी. लोकलनं चार-पाच मिनिटं. तिथे उतरायचं, बाकावर बसायचं, खाऊ खायचा, गाड्या बघायच्या, परत यायचं. पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. माझं जातानाचं पाच रुपये, येतानाचं पाच. आठवड्यातून तीनदा आम्ही हा प्रवास करतो.

ड्यूटीवर असताना माझ्याबरोबर लाइन बॉक्स असे. काळी लोखंडी पेटी. तिच्यात लाल-हिरवी निशाणं, हातबत्ती, धोक्याच्या वेळी रुळावर लावायचे फटाके, प्रथमोपचाराचं सामान, नियमांची पुस्तकं. ती उचलायला हमाल असायचा. ठमीची पिशवी मलाच उचलावी लागते आणि तिच्यातही एक वस्तू विसरून चालत नाही. दोन डायपर, ओले पुसणे, एक जादा चड्डी आणि झबलं, टोपी, पाण्याची नळीची बाटली, तूप-साखर लावून गुंडाळलेल्या पोळीचे तुकडे, डबीत मनुका, एक केळं, सौ.ची जुनी मऊ साडी. साडीचा उपयोग अंथरायला, पांघरायला, ऊन अडवायला, नाक पुसायला. खेळणं एकही नाही. बाहेर नेलेलं खेळणं ठमी पाच मिनिटांत टाकून देते आणि नंतर ते शोधत मी प्लॅटफॉर्मवर ओणवा फिरतो. त्याऐवजी तिकीट तिच्या हातात देतो. तिकीट हे जगातलं सर्वोत्तम खेळणं आहे, फक्त ते तोंडात जाता कामा नये. एकदा गेलं. आकुर्डीला पोचेपर्यंत त्याचा लगदा झाला होता. आता वेगळा जुना कागद घडी घालून ‘हे तुझं तिकीट’ म्हणून देतो. फसवणूक आहे, पण प्रशासकीय गरज.

घर ते स्टेशन हा खरा अवघड सेक्शन. तिच्या बुटांना चालताना ‘पी पी’ वाजणारी शिट्टी आहे, त्यामुळे ती कुठे आहे हे न बघताही कळतं. शिट्टी थांबली की समजायचं, बाई थबकल्या. गटाराचं जाळीचं झाकण आलं की थांबा. त्यावर उभं राहून ती खाली बघते, मी बघतो, खाली काही नसतं, आम्ही निघतो. इस्त्रीवाल्याच्या गाडीपाशी थांबा. तो कोळशाची इस्त्री उचलून ‘हा’ करतो, तीही ‘हा’ करते. रोज. एखाद्या काकू तिचे गाल ओढतात आणि ‘टोपी नाही का घातली?’ असं मला विचारतात. टोपी तिनं तीन पावलांमागे फेकलेली असते. उशीर होतोय असं दिसलं की मी तिला खांद्यावर घेतो. लोकलमध्ये गार्डनं दोन बेल दिल्या की मोटरमननं गाडी हलवायची, एक दिली की थांबवायची. खांद्यावर बसली की ठमी माझ्या टकलावर दोन थापा मारते. तिला मी शिकवलेलं नाही, पण मी निघतो. एक थाप तिला माहीत नाही.

पादचारी पुलाचा जिना मात्र ती स्वतः चढते. एक पाय वर, मग दुसरा त्याच पायरीवर, मग थोडं डुलणं, मग पुढची पायरी. कठडा तिच्या डोक्याच्या वर असल्यामुळे ती भिंतीला हात लावते आणि तो हात काळा करून घेते. मी एक पायरी खाली, मागे, दोन्ही हात पसरून; स्पर्श न करता. धरलं की ती खाली बसते. वरच्या पायरीला पोचली की मागे वळून सगळ्या जिन्याकडे बघते आणि म्हणते, ‘पुन्ना.’ या ‘पुन्ना’पायी आमच्या दोन लोकल गेल्या आहेत. उभ्या जन्मात मी गाडी सोडायला कुणासाठी थांबलो नाही, आणि आता गाडी मला सोडून जाते ते मी पुलावरून शांतपणे बघतो.

आकुर्डीचा बाक आमचा ठरलेला, भिंतीकडचा. पिवळ्या रेषेपासून जितकं लांब बसता येईल तितकं. न थांबणारी गाडी यायची घोषणा झाली की मी तिला मांडीवर घेतो, तिच्या पाठीला माझी छाती लावतो आणि आधीच सांगून ठेवतो, ‘आता मोठा आवाज येणार.’ पहिल्यांदा हे न सांगता एक एक्स्प्रेस धडधडत गेली तेव्हा ती इतकी दचकली की तिला रडायलाही सुचेना. नुसता ओठ थरथरत राहिला. आता सांगितलं की ती दोन्ही हात कानांवर ठेवते. खरं तर कानांच्या थोडं वर, केसांवर. तेवढ्यानं तिचं भागतं.

तिची आवडती मालगाडी. बंद डब्यांची लांबलचक, ४२ डब्यांची गाडी रेंगाळत गेली की तो आमचा सण. प्रत्येक डब्याला ती ‘गाई’ म्हणते. गाई म्हणजे गाडी. गायीला ती ‘हम्मा’ म्हणते, त्यामुळे गोंधळ नाही. शेवटी ब्रेकव्हॅन आली आणि गार्ड दारात उभा असला की ती हात हलवते. गार्डही हलवतो. मला ते ठाऊक आहे, मी चौतीस वर्षं हलवलाय. इंजिनाकडे सगळं जग बघतं. शेवटच्या डब्याकडे फक्त स्टेशन मास्तर आणि पोरं. आता काही मालगाड्यांच्या शेवटी माणूस नसतो, एक यंत्र बसवलेलं असतं. अशी गाडी एकदा आली. ठमीनं हात हलवला, यंत्र गेलं, ती माझ्याकडे बघायला लागली. मी बाकावर बसल्या बसल्या हात हलवला. सोय म्हणून.

खाण्याची वेळ ही अपघातप्रवण. गेल्या महिन्यात केळं सोलताना माझ्या हातून मोडलं. निम्मं माझ्या हातात, निम्मं सालीत. मी दोन्ही तुकडे पुढे केले. ठमीनं आधी एकाकडे, मग दुसऱ्याकडे पाहिलं आणि मला कळलं की आता काही खरं नाही. तिला आख्खं केळं हवं होतं. मी दोन तुकडे टोकाला टोक लावून धरले, ‘हे बघ, जोडलं!’ तिनं वरचा तुकडा उचलला. खालचा माझ्याच हातात राहिला. ती फरशीवर आडवी झाली. कपाळ जमिनीला, पाय हवेत, आवाज सिग्नलपर्यंत. शेजारचे गृहस्थ म्हणाले, ‘एक फटका द्या.’ दुसऱ्या बाई म्हणाल्या, ‘मोबाइल द्या.’ मी तिच्या शेजारी फरशीवर बसलो आणि ते दोन तुकडे स्वतःच खायला लागलो. दुसऱ्या तुकड्याच्या अर्ध्यावर ती उठून बसली, हात पुढे केला आणि उरलेलं खाल्लं. नाकातून पाणी वाहत होतं. साडी कामाला आली.

तिचे सिग्नल आता मला वाचता येतात. उजवा कान ओढायला लागली की दोन पिवळे. खांद्यावर डोकं टेकून पुन्हा उचललं की एक पिवळा. त्यानंतर लाल, आणि लालला गाडी जिथे असेल तिथे उभी. दोन पिवळे दिसताच परतीची लोकल पकडायची, म्हणजे घरी पोचून भात-वरण होऊन मग झोप. दुपारी या मार्गावर रुळांच्या कामासाठी लोकलमध्ये मोठा खंड असतो, त्यामुळे सकाळची शेवटची गाडी चुकवून चालत नाही.

पंधरवड्यापूर्वी माझी नजर चुकली. लोकलमध्ये चढलो, खिडकीशी बसलो, आणि गाडी हलेपर्यंत ठमी झोपली. पिवळा नाही, काही नाही, एकदम लाल. तोंड उघडं, हातात घामानं मऊ झालेलं खोटं तिकीट. चार-पाच मिनिटांनी चिंचवड आलं. मी अर्धवट उठलो. तिची मान हलली, ओठ वाकडा झाला. चार मिनिटांच्या झोपेतून उठवलेलं पोर काय असतं ते ज्यानं सांभाळलंय त्याला सांगायला नको. दुपारची झोप बुडते, संध्याकाळ जाते, रात्रही जाते. मी खाली बसलो. पिंपरी गेलं. कासारवाडी, दापोडी, खडकी. पाऊण आयुष्य गाड्यांना वेळेवर थांबवण्यात घालवलेला माणूस आपलं स्टेशन सोडून, तिकीट चिंचवडपर्यंतचं असताना, बसून राहिला.

शिवाजीनगरला उतरलो आणि स्वतःहून तिकीट तपासनिसापाशी गेलो. तिकीट दाखवलं, परिस्थिती सांगितली. तरुण मुलगा होता. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग ठमीच्या उघड्या तोंडाकडे. मग खिशातून पावतीपुस्तक काढलं आणि दंड कुजबुजत सांगितला. दोनशे पन्नास, अधिक भाडं. मीही कुजबुजत पैसे दिले. पावतीचा कागद फाडताना त्यानं तो इतका सावकाश फाडला की मला त्याचं लग्न झालंय का विचारावंसं वाटलं.

लोकल आता दुपारनंतरच, म्हणून परत येताना मेट्रो. शिवाजीनगरचं स्टेशन जमिनीखाली आहे. सरकत्या जिन्यावर ठमीला जाग आली. पायरी आपोआप खाली जाते हे तिनं नीट बघून घेतलं आणि खाली पोचताच मागे वळून म्हणाली, ‘पुन्ना.’ तीनदा झालं. घरी पोचायला अडीच वाजले. सौ.नं दार उघडून एवढंच विचारलं, ‘अहो, आकुर्डी पुण्याच्या पलीकडे गेली का?’

तेव्हापासून आकुर्डीहून परतीचं तिकीट मी शिवाजीनगरचं काढतो.