अँटवर्पची पेढी आणि आपला अभिमान

परदेशात एखाद्या भारतीयाने व्यापार-उद्योगात मोठे यश मिळविले की आपली मान अभिमानाने उंचावते. त्याच्या संपत्तीचे आकडे आपण कौतुकाने एकमेकांना सांगतो. परंतु व्यापारी समाजाने केवळ जमेची बाजू पाहून समाधान मानू नये; खातेवहीची दोन्ही पाने वाचावीत. यासाठी बेल्जियममधील अँटवर्प शहराचे उदाहरण आपल्याला सर्वांत जवळचे आहे.

अँटवर्पच्या मध्यवर्ती रेल्वेस्थानकालगतच्या मोजक्या गल्ल्यांत हिऱ्यांचा जगप्रसिद्ध बाजार आहे. तेथे दीर्घकाळ ज्यू व्यापाऱ्यांचे वर्चस्व होते. १९६०च्या दशकात उत्तर गुजरातमधील पालनपूरचे जैन व्यापारी तेथे स्थिरावू लागले. भांडवल बेताचे, भाषा अनोळखी, हवा कडक थंडीची. मोठे खडे घेण्याची ऐपत नव्हती. म्हणून त्यांनी बारीक आणि हलक्या प्रतीचा कच्चा माल उचलला. युरोपातील मजुरीच्या दरात असा माल घडविणे परवडत नसे. तो मुंबईमार्गे सुरत-नवसारीच्या कारखान्यांत येई आणि पैलू पडून पुन्हा जगाच्या बाजारात जाई. एका भावाने अँटवर्पला खरेदी पाहावी, दुसऱ्याने मुंबईची पेढी सांभाळावी, तिसऱ्याने कारखाना चालवावा, अशी ही एकत्र कुटुंबाची रचना होती. जो माल इतरांनी किरकोळ मानला, त्यातूनच हे वैभव उभे राहिले.

आज जगातील दर दहा हिऱ्यांपैकी सुमारे नऊ हिऱ्यांना भारतात पैलू पडतात आणि अँटवर्पच्या व्यापारात भारतीयांचे स्थान अग्रगण्य आहे. दिलीप मेहता यांच्यासारख्या व्यापाऱ्याला बेल्जियमच्या राजाने 'बॅरन' हा किताब दिला. शहराच्या विल्राइक उपनगरात समाजाने शुभ्र संगमरवरी जिनमंदिर उभारले. या सर्वांचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे.

तथापि या व्यापाराचा खरा पाया हिरा नसून विश्वास आहे. अँटवर्पच्या बाजारात सौदा ठरला की हातात हात घेऊन 'मझल' हा मूळचा हिब्रू शब्द उच्चारतात. त्यात शुभेच्छाही आहे आणि वचनही. ज्यू असो वा जैन, एकदा तो शब्द दिला की माघार नाही. लाखोंचा माल कागदाच्या पुडीतून उधारीवर एका हातातून दुसऱ्या हातात जातो.

बँकेतील अधिकारीही अखेर याच विश्वासावर कर्ज मंजूर करतो. खड्याची पारख आम्हां अधिकाऱ्यांना नसे. आम्ही कागदपत्रे पाहत असू, आणि कागदांमागचा माणूस पाहत असू. म्हणूनच २०१८ साली एका सरकारी बँकेच्या मुंबई शाखेतील हमीपत्रांचे १३,००० कोटी रुपयांहून अधिक रकमेचे प्रकरण उघडकीस आले आणि हिरे व्यापाऱ्यांवर आरोप झाले, तेव्हा मन विषण्ण झाले. त्याच वर्षी मार्च महिन्यात रिझर्व्ह बँकेने आयातीसाठी अशी हमीपत्रे देण्याची पद्धतच बंद केली. त्याची झळ सचोटीने व्यापार करणाऱ्या असंख्य लहान पेढ्यांना बसली. पिढ्यान् पिढ्या साठविलेली पत समाजाची सामाईक ठेव असते; ती काढून खर्च करणारा मात्र एखादाच असतो.

आपल्या तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. चोरीस प्रवृत्त करणे, चोरीचा माल घेणे, राज्याच्या नियमांचे उल्लंघन करणे, वजनमापात कमीअधिक करणे आणि अस्सल म्हणून नकली माल खपविणे. जणू आजच्या हिरे बाजारासाठीच ही यादी लिहिली असावी! नैसर्गिक हिऱ्यांच्या पुडीत प्रयोगशाळेत तयार केलेले खडे न सांगता मिसळणे, हा पाचवा अतिचार नव्हे तर काय?

तेव्हा परदेशस्थ बांधवांचा अभिमान अवश्य बाळगावा. पण घरातील मुलांना त्यांची गोष्ट सांगताना प्रथम संपत्तीचा आकडा सांगू नये. हलका माल उचलण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही, हे सांगावे. परक्या भाषेत दिलेला शब्दही त्यांनी पाळला, हे सांगावे. मुले जे ऐकतात, त्याचाच हिशेब पुढे त्यांच्या वहीत उतरतो.