अडीच तासांच्या पलीकडे

मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकणारी शाहीन मिस्त्री एके दिवशी कफ परेडच्या आंबेडकर नगर झोपडपट्टीत शिरली आणि तिथल्याच एका खोलीत मुलांना शिकवू लागली. मुलांची गर्दी वाढली, खोली अपुरी पडली. शाळा सुटल्यावर शहरातले कितीतरी वर्ग रिकामे असत; त्यांपैकी एक मिळावा म्हणून ती शाळाशाळांची दारे ठोठावत राहिली. नकारामागून नकार पदरी आले. अखेर कुलाब्याच्या होली नेम शाळेने वर्ग उघडून दिला. पंधरा मुले, शिकवायला महाविद्यालयातले सोबती. १९९१ साली ‘आकांक्षा’ ही संस्था उभी राहिली.

योगायोग असा, की त्याच वर्षी अमेरिकेच्या मिनेसोटा राज्याने चार्टर शाळांचा पहिला कायदा केला. शाळा सरकारी, कारभार स्वतंत्र, फी नाही. निकालाची जबाबदारी मात्र कराराने बांधलेली.

इकडे आकांक्षाची शाळेनंतर शिकवणारी केंद्रे वाढली, मुले फुलली; पण एक सल कार्यकर्त्यांना पोखरत राहिली. केंद्राच्या वाट्याला दिवसाचे जेमतेम अडीच तास येत. उरलेला दिवस मूल ज्या शाळेत काढी, तिथे कमावलेले पुन्हा विरून जाई. वर्षानुवर्षे अडीच तासांनी पूर्ण दिवसाशी झुंज दिली.

मग उत्तर गवसले, आणि ते मुलांच्या रोजच्या वाटेवरच उभे होते! शाळेबाहेर राहून शाळेची उणीव भरून काढण्यापेक्षा शाळाच चालवायला का घेऊ नये? महापालिकेकडे इमारती होत्या, संस्थेकडे शिक्षक घडवण्याची हातोटी. २००७ साली आकांक्षाने शाळा चालवण्याचे काम हाती घेतले आणि पुणे महापालिकेच्या साथीने पहिली शाळा उभी केली. रचना चार्टर शाळांसारखीच: वास्तू पालिकेची, अध्यापन संस्थेचे, पालकांना फी नाही. वस्तीतले मूल आता सकाळपासून एकाच ध्यासाच्या माणसांत वाढू लागले. पुढे हा प्रयोग मुंबईत रुजला, नागपुरात पोहोचला.

या शोधाचे मोल छत्रपती संभाजीनगरातल्या हर्सूलच्या जटवाडा रोडवरच्या कुणाही कष्टकरी बापाला चटकन उमजेल. खासगी शाळांतल्या मोफत जागांसाठीच्या आरटीई (शिक्षण हक्क कायदा) सोडतीत मुलाचा नंबर लागला नाही, की त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात: उसनवारी करून खासगी शाळेची फी भरणे, किंवा जवळची शाळा मुकाट्याने पत्करणे. आपल्याच महापालिकेची, मनापासून निवडावीशी वाटणारी शाळा ही तिसरी वाट पुण्याने खुली करून दाखवली. ती छत्रपती संभाजीनगरातही निघायला हवी. निवडीचा हक्क पैशाने मोजला जाऊ नये.