मुंबईतील जुन्या भाडेइमारती व उद्वाहक

दक्षिण व मध्य मुंबईतील उद्वाहक (लिफ्ट) नसलेल्या भाडेइमारतींचा प्रश्न हा भाडेनियंत्रण आणि वृद्ध, आजारी व अपंग रहिवाशांची ये-जा या दोहोंशी निगडित असलेला नागरी प्रश्न होय. गिरगाव, दादर, परळ व लालबाग येथील अनेक चाळी आणि इमारती तीन-चार मजली असून त्यांत वर जाण्यास केवळ जिना आहे. अल्प भाड्यामुळे भाडेकरूंचे घर टिकले. मात्र उद्वाहकाचा खर्च कोणी करावा, हे अनिर्णित राहिले.

पार्श्वभूमी

गिरण्यांच्या वाढीबरोबर परळ-लालबाग भागात कामगारांसाठी चाळी उभ्या राहिल्या. गिरगावात प्रामुख्याने मध्यमवर्गीय कुटुंबे चाळींत राहू लागली. या इमारतींची उंची माणूस पायी चढू शकेल एवढीच ठेवली जाई. तरुणपणी खोली घेतलेल्या कुटुंबांच्या पुढील पिढ्याही तेथेच राहिल्या आणि वरच्या मजल्यावरील वृद्धांना दवाखाना वा बाजार गाठणे अवघड झाले. अंथरुणास खिळलेल्या रुग्णाला खुर्चीत बसवून शेजाऱ्यांनी खाली आणणे, तसेच दोरीला बांधलेल्या टोपलीतून भाजी वर घेणे, या रीती त्यातूनच रूढ झाल्या.

भाडेनियंत्रण

मुंबई भाडेनियंत्रण कायदा, १९४७ अन्वये १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हे प्रमाणभूत भाड्याचा आधार ठरले. हे भाडे दीर्घकाळ जवळजवळ गोठलेले राहिले. मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली या गोठवणुकीशी संबंधित तरतुदी कालौघात अवाजवी झाल्याचे मत दिले; कायद्याची मुदत संपत आल्याने त्या तरतुदी मात्र रद्द केल्या नाहीत. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाला. त्यानुसार मालकास दरवर्षी ४ टक्के भाडेवाढ करता येते. मूळ भाडे २०० रुपये असल्यास ही वाढ पहिल्या वर्षी अवघी ८ रुपये होते.

उद्वाहकासंबंधी तरतुदी

अधिनियमाच्या कलम २९ मध्ये पाणी, वीज व जिन्यावरील दिव्यांबरोबर उद्वाहकाचाही अत्यावश्यक सेवांत समावेश आहे. मालकास योग्य कारणावाचून ही सेवा बंद करता येत नाही. तथापि हे संरक्षण असलेल्या उद्वाहकाला आहे. जेथे तो कधीच नव्हता, तेथे तो बसवण्याचे बंधन या कलमातून निर्माण होत नाही.

इमारतीत सुधारणा केल्यास कलम ११ नुसार खर्चाच्या वार्षिक १५ टक्क्यांपर्यंत भाडे वाढवता येते. त्यासाठी ७० टक्के भाडेकरूंची लेखी संमती लागते. समजा, २० भाडेकरूंच्या इमारतीत १२ लाख रुपये खर्च झाला, तर वाढ वर्षाला कमाल १,८०,००० रुपये, म्हणजे सारखी विभागल्यास प्रत्येकी महिना ७५० रुपये होईल. २०० रुपये भाडे देणाऱ्यास ही वाढ मोठी वाटते. तळमजला व वर तीन मजले अशा इमारतीत प्रत्येक मजल्यावर सारखी बिऱ्हाडे असल्यास तळमजला व पहिला मजला मिळून निम्मे भाडेकरू होतात. त्यांना उद्वाहकाचा लाभ कमी असल्याने त्यांनी नकार दिल्यास ७० टक्के संमती होऊच शकत नाही.

वरच्या मजल्यावरील भाडेकरूने घर सोडल्यास अल्प भाड्याचे संरक्षणही सुटते. त्यामुळे जिना चढवेनासा झाला तरी तो तेथेच राहतो.

उपकरप्राप्त इमारती व पुनर्विकास

१९६९ च्या कायद्याने जुन्या इमारतींवर दुरुस्ती उपकर बसवण्यात आला. त्या वेळी मुंबई शहरात अशा १९,६४२ इमारती होत्या. हे काम पुढे म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे आले. मंडळाची दुरुस्ती मुख्यतः इमारत सुरक्षित ठेवण्यापुरती असते.

विकास नियंत्रण नियमावलीतील ३३(७) अन्वये पुनर्विकास झाल्यास भाडेकरूंना उद्वाहक असलेल्या नव्या इमारतीत मालकी हक्काची सदनिका मिळते. तेथे भाडे नसते, पण उद्वाहक, पाणी व सफाईचा मासिक देखभाल खर्च रहिवाशांनाच भरावा लागतो. म्हणजे जुन्या इमारतीत कोणाच्याच माथी न पडलेला उद्वाहकाचा खर्च येथे सर्वांत वाटला जातो. उत्पन्न मर्यादित असलेल्या निवृत्त रहिवाशांना तो पेलणे, हा पुनर्विकासानंतरचा प्रश्न ठरतो.

हेही पाहा

चाळ
पागडी पद्धत
गिरणगाव
म्हाडा