मोजणीच्या वेळी माणूस कोठे असतो?

संत लूक यांच्या शुभवर्तमानातील नाताळची कथा शिरगणतीपासून सुरू होते. कैसराची आज्ञा झाली आणि नासरेथला राहणारा योसेफ गर्भवती मरियेसह नाव नोंदविण्यासाठी पूर्वजांच्या गावी, बेथलेहेमला गेला. भारतातील जनगणनेचा नियम याच्या नेमका उलट आहे. येथे कोणी मूळ गावी जावयाचे नसते. मोजणीच्या काळात जो जेथे राहत असेल तेथेच त्याची नोंद होते. हा एक नियम ध्यानी ठेवला की आपल्या राज्याच्या लोकसंख्येचे पुष्कळसे कोडे उलगडते.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ भरली. दहा वर्षांतील वाढ सुमारे १६ टक्के होती. परंतु ही सरासरी आहे, आणि सरासरी फसवी असते. त्याच दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ पर्यंत घसरली; सिंधुदुर्गातही घट झाली आणि मुंबई शहर जिल्ह्यातही. याउलट पुणे जिल्हा ७२,३२,५५५ वरून ९४,२९,४०८ वर गेला, म्हणजे ३० टक्क्यांनी वाढला. कोकणातील कुलूपबंद घरे आणि हडपसर-पिंपरीकडील नव्या इमारती ही एकाच आकड्याची दोन टोके आहेत.

स्त्री-पुरुष प्रमाण पाहिल्यास हे अधिक स्पष्ट होते. २०११ मध्ये रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, तर पुणे जिल्ह्यात ९१५. कोकणात मुली अधिक जन्मतात असा याचा अर्थ नव्हे. कमावता पुरुष शहरात मोजला गेला आणि त्याची आई वा पत्नी गावी मोजली गेली, इतकेच. म्हणून मुलींच्या जन्माचा प्रश्न पाहावयाचा असेल तर सहा वर्षांखालील बालकांचे प्रमाण पाहावे, कारण तान्हे मूल नोकरीसाठी एकटे गाव सोडीत नाही. राज्यातील हे प्रमाण २००१ साली हजार मुलांमागे ९१३ मुली असे होते. २०११ साली ते ८९४ वर आले. गर्भलिंगनिदानास बंदी करणारा केंद्रीय कायदा १९९४ चा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या घसरणीपुढे स्थलांतराची सबब चालत नाही.

मोजणी फेब्रुवारीत होते, यालाही अर्थ आहे. त्या वेळी साखर कारखान्यांचा गळीत हंगाम चालू असतो. बीडकडील ऊसतोड कुटुंबे तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात फडाजवळच्या कोप्यांत राहतात. नियमाप्रमाणे त्यांची नोंद तेथेच व्हावयास हवी. ती तेथे राहिली, आणि गावी शेजाऱ्यांनीही सांगितली नाही, तर ते कुटुंब कागदावर कोठेच नसते.

शहराच्या वाढीचे मूळ पाळण्यात आहे, हा समजही आता सोडावयास हवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी १.७ अपत्ये होती. पिढीची जागा पुढच्या पिढीने भरून निघण्यास २.१ लागतात. वि. म. दांडेकर आणि कुमुदिनी दांडेकर यांनी पुण्याच्या गोखले संस्थेतून पुणे जिल्ह्यातील जन्ममृत्यूंची पाहणी १९५३ साली प्रसिद्ध केली, तेव्हा चिंता अधिक मुलांची होती. आता ज्येष्ठांची आहे: २०११ मध्येच राज्यातील ९.९ टक्के लोक साठी ओलांडलेले होते, तर देशात हे प्रमाण ८.६ टक्के होते.

आपल्या समाजाचाही आकडा येथे सांगणे भाग आहे. २००१ साली महाराष्ट्रात १०,५८,३१३ ख्रिस्ती होते आणि २०११ साली १०,८०,०७३. राज्य १६ टक्क्यांनी वाढले, आपण जेमतेम २ टक्क्यांनी. लहान कुटुंबे आणि परदेशी गेलेली मुले ही कारणे वाचकांच्या घरोघरी दिसतात. तिसऱ्या कारणाविषयी कमी बोलले जाते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा प्रथम हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये शिखांना व १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती दलितांना नाही. जनगणनेचा तक्ताही हीच मर्यादा पाळतो. अहिल्यानगर-जालन्याकडचा एखादा दलित ख्रिस्ती बांधव दाराशी आलेल्या प्रगणकास धर्म सांगताना का अडखळतो, ते यावरून कळावे. आम्ही त्यास दोष देणार नाही.

२०२१ ची जनगणना कोविडमुळे लांबली आणि जुने आकडेच कामास लावले गेले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली महाराष्ट्रास सुमारे ७ कोटी लाभार्थ्यांचा इष्टांक मिळाला, तो २०११ च्या लोकसंख्येवरून. त्यानंतर जन्मलेले बाळ या हिशेबात नाही. रेशनकार्डावर नाव चढवू पाहणाऱ्या मातेला ‘इष्टांक भरला आहे’ असे उत्तर मिळाल्याचे आम्ही धर्मग्रामातून ऐकले आहे. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. तरीही जानेवारी २०२६ च्या निवडणुकीचे प्रभाग २०११ च्याच गणनेवरून आखले गेले.

नव्या जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली. घरयादीसाठी एप्रिल ते सप्टेंबर २०२६ हा काळ आणि माणसे मोजण्यासाठी फेब्रुवारी २०२७ हा महिना ठरविण्यात आला. घरे मोजण्यावरून आलेला ‘खानेसुमारी’ हा जुना मराठी शब्द पहिल्या टप्प्याला आजही चपखल बसतो. १९३१ नंतर प्रथमच सर्वांच्या जातीची नोंद या गणनेत ठरली आहे, त्यामुळे कुजबूज होणारच. १९४८ च्या जनगणना कायद्याचे कलम १५ सांगते की दिलेली माहिती कोणास पाहण्यास मिळत नाही आणि सर्वसाधारणपणे न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाही. घरात वृद्ध एकटे असतील तर हे त्यांना आधी समजावून द्यावे. दार न उघडल्याने नोंद राहते.

आणि ज्यांना दारच नाही, त्यांची मोजणी शेवटच्या रात्री होते. २०११ साली ती २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. प्रगणक कंदील-विजेऱ्या घेऊन फलाटांवर, पुलांखाली, देवळांच्या पायऱ्यांवर गेले. त्या गणनेत देशभरात सुमारे १७ लाख ७३ हजार बेघर नोंदले गेले. त्यांपैकी सुमारे २ लाख ११ हजार महाराष्ट्रात होते.