खिडकीतून मोजलेली चाल

बेकार माणूस रस्त्यानं किती वेगानं चालतो, हेही एकदा घड्याळ लावून मोजलं गेलं आहे. व्हिएन्नाजवळच्या मारिएनथाल या वस्तीतली कापडगिरणी मंदीत बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव घरी बसलं. १९३१-३२मध्ये मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल हे संशोधक तिथे पोचले. खिडकीआडून पाहिलं, तर पुरुष रेंगाळत, थांबत थांबत चालत होते. बायका भराभर जात होत्या. गिरणी बंद पडली तरी चूल कुठे बंद पडते! वेळच वेळ होता, वाचनालयाची वर्गणीही माफ झाली होती. तरी पुस्तकं नेण्याचं प्रमाण दोन वर्षांत जवळपास निम्म्यावर आलं. १९८२च्या गिरणी संपानंतरचं मुंबईतलं गिरणगाव ज्यांनी पाहिलंय, त्यांना याचं नवल वाटणार नाही.

पैशाचं महत्त्व तिथेही होतंच. बेकारभत्ता मिळाला की दुसऱ्या दिवशी शाळकरी मुलांचे डबे भरलेले दिसत. पण भत्त्यानं डबा भरला, दिवस भरला नाही.

पैसा आणि काम यांचा असर वेगळा कसा काढायचा? जर्मनीत १९८४पासून एका पाहणीत दरवर्षी त्याच त्या कुटुंबांना विचारतात: आयुष्याबद्दल तुम्ही किती समाधानी आहात, शून्य ते दहा? या नोंदींतून एक गंमत निघाली. दीर्घकाळ बेकार असलेला माणूस निवृत्त झाला की त्याचं समाधान वाढतं. काम कालही नव्हतं, आजही नाही. उत्पन्नातही फारसा फरक नाही. बदलली ती फक्त ओळख. ‘सध्या काय करता?’ या प्रश्नाला आता मान वर करून उत्तर देता येतं. मला तरी हा पुरावा सगळ्यांत बोलका वाटतो.

मारिएनथाल ज्या ग्रामाटनॉइझीडल गावात मोडतं, तिथे २०२०मध्ये वर्षाहून जास्त काळ बेकार असलेल्यांना कामाची हमी देण्यात आली. सक्ती नव्हती. उत्पन्न वाढलं, दिवसाला वळण लागलं, लोकांत ऊठबस आणि मान वाढला. शारीरिक आरोग्यात मात्र फरक आढळला नाही.

ग्रामीण भागात मागेल त्याला काम देणारा कायदा महाराष्ट्रानं १९७७मध्येच केला होता. आपण मात्र त्याचा हिशेब बहुधा मनुष्यदिवस आणि रुपयांतच मांडला. त्या मजुरांची चाल कुणी मोजली नाही.