दोन टाचण्या, पण कुठल्या नदीवरच्या?

कॅलोप्टेरिक्स स्प्लेंडेन्स आणि कॅलोप्टेरिक्स व्हर्गो या युरोपातल्या अगदी जवळच्या नात्यातल्या टाचण्या. नर ओळखणं सोपं: स्प्लेंडेन्सच्या पंखावर गडद पट्टा, व्हर्गोचा जवळपास अख्खा पंखच गडद. मग काय, पट्टे मोजा, सरासरी काढा, झाली तुलना!

थांबा. फिनलंडमध्ये असं दिसलं की जिथे व्हर्गो जास्त, तिथे स्प्लेंडेन्सचा पट्टा लहान. व्हर्गोचे नर मोठ्या पट्ट्याच्या स्प्लेंडेन्स नरांवर जास्त धावून जातात, बहुधा त्यांना आपल्यातलेच समजून. सगळ्या नद्यांचे नमुने एकत्र केलेत, तर नेमकी हीच गोष्ट सरासरीत गाडली जाईल. म्हणून वहीत प्रजातीसोबत नदीचं नाव लिहा, आणि तिथे दुसरी प्रजाती किती होती तेही. हे नंतर आठवून लिहिता येत नाही.