जनुकीय सुधारित पिकांचा वाद : शेतकऱ्याने काय जाणावे?

ठाण्यातील टेंभी नाक्यावरून जवळच्या जांभळी नाक्याच्या बाजारात जाऊन वांगी घेणाऱ्या गृहिणीस, ही भाजी जनुकीय सुधारित तर नसेल ना, अशी शंका येते. ती वांगी पिकविणाऱ्या शेतकऱ्यास मात्र, फवारणी वाचविणारे बियाणे आपणांस का मिळू नये, असे वाटते. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यास दोहोंची उत्तरे देता आली पाहिजेत.

नेहमीच्या संकरात एकाच किंवा जवळच्या जातीच्या वनस्पतींचा संयोग घडवितात. जनुकीय सुधारणेत मात्र अगदी परक्या सजीवाचे निवडक जनुकही पिकात घालता येते. बीटी कापसात मातीतील एका जीवाणूचे जनुक घातलेले असून त्यामुळे झाड स्वतःच बोंडअळीस मारक असे प्रथिन तयार करते. आपल्या देशात या कापसास मार्च २००२ मध्ये मान्यता मिळाली. दोन जनुके असलेले वाण २००६ मध्ये आले व थोड्याच वर्षांत बहुतेक कापूसक्षेत्र बीटीखाली गेले. आरंभी बोंडअळीसाठी कराव्या लागणाऱ्या फवारण्या पुष्कळ कमी झाल्या, हे मान्य केले पाहिजे.

परंतु २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने याच कापसाचे मोठे नुकसान केले. अळीमध्ये त्या प्रथिनास प्रतिकारशक्ती निर्माण झाली होती. शेताच्या कडेने साधा कापूस लावला, तर त्यावर वाढलेल्या दुर्बळ किडीचा प्रतिकारक्षम किडीशी संकर होऊन प्रतिकारशक्ती लवकर पसरत नाही. हे आश्रयपीक लावण्यात हयगय झाली. फरदड ठेवल्याने किडीस खाद्यही लांबेपर्यंत मिळत राहिले. बियाणे नवे असले तरी मशागतीचे जुने नियम सुटत नाहीत, हा यातील धडा होय.

वांग्याची गोष्ट निराळी आहे. बीटी वांग्यास २००९ मध्ये तज्ज्ञ समितीने अनुकूलता दर्शविली. पण जाहीर चर्चेनंतर केंद्र शासनाने ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्यास स्थगिती दिली. आणखी दीर्घ चाचण्या व्हाव्यात आणि देशी वाणांची विविधता जपली जावी, असे विरोधकांचे म्हणणे होते. फळ पोखरणाऱ्या अळीसाठी होणाऱ्या विषारी फवारण्या टळतील, असे समर्थकांचे. बांगलादेशात २०१४ पासून हे वांगे शेतकऱ्यांच्या हाती आहे. आपल्याकडे मात्र त्याच्या लागवडीस परवानगी नाही. कापूस हेच शेतकऱ्यांच्या लागवडीतील एकमेव मान्यताप्राप्त जनुकीय सुधारित पीक आहे. तथापि त्याच्या सरकीचे तेल माणसांच्या व पेंड जनावरांच्या आहारात जाते, हेही ग्राहकापासून लपवू नये. शुद्ध केलेल्या तेलात प्रथिनांचा अंश जवळजवळ राहत नाही.

तणनाशक सहन करणाऱ्या कापसाला मान्यता नसताना, जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने त्याची उघड पेरणी केली. निंदणीस मजूर मिळत नाहीत, ही त्यांची अडचण खरी आहे. तणनाशकाचा वापर वाढेल आणि निंदणीवर पोट असलेल्या स्त्रियांची मजुरी बुडेल, ही दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. चोरून विकलेल्या अशा बियाण्याची पावती मिळत नाही. उगवण फसली तर शेतकऱ्याने दाद कोठे मागावी?

भातकरी बंधूंनी आणखी एक भेद ध्यानी घ्यावा. मे २०२५ मध्ये जाहीर झालेले ‘कमला’ व ‘पुसा डीएसटी राईस १’ हे वाण जनुक-संपादित आहेत. त्यांत परके जनुक नसून भाताच्याच जनुकात बदल केलेला आहे. दुसरा वाण क्षार व अवर्षण सहन करण्यासाठी तयार केलेला आहे. तो आपल्या खाडीकाठी कितपत उतरतो, हे स्थानिक चाचण्यांनीच ठरेल. तोपर्यंत खारजमिनीसाठी पनवेलच्या संशोधन केंद्राने नेहमीच्या पद्धतीने काढलेले पनवेल-१, २ व ३ हे वाण उपलब्ध आहेतच.

म्हणून शेतकऱ्यांनी मान्यताप्राप्त बियाणेच घ्यावे. पावती, पिशवी व खूणचिठ्ठी हंगाम संपेपर्यंत जपावी. वांग्याचे किडके शेंडे खुडून नष्ट करावेत व कामगंध सापळे लावावेत. ग्रामकार्यकर्त्यांनी भीती पसरवू नये, तशीच भुरळही घालू नये. नव्या बियाण्याची परीक्षा उघड्यावर, सर्वांच्या डोळ्यांदेखत व आपल्याच मातीत व्हावी, ही मागणी मात्र शेतकऱ्याने व ग्राहकाने मिळून करावी.